डोंबिवलीहून ठाणे, आणि केतकीला शोधत कल्याण

जायचं ठरलं ते गुरुवारी संध्याकाळी, आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात. खालच्या मजल्यावरचा विलास दळवी फॅक्टरीतून परत येत होता आणि मी भाजीची पिशवी घेऊन वर चढत होतो. त्याने विचारलं, "हेमंत, रविवारी काय करतोयस? केतकीची सेमीफायनल आहे. ठाण्यात, समोरच्या टीमच्याच कोर्टवर."

केतकी ही त्याची एकुलती मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. डोंबिवलीतल्या आमच्या कॉलेजचा मुलींचा बास्केटबॉल संघ आंतरकॉलेज स्पर्धेत सेमीफायनलपर्यंत पहिल्यांदाच पोचला होता. त्याच कॉलेजच्या टीममध्ये मीही एकेकाळी होतो. तीन वर्षं होतो आणि त्यातला बहुतेक वेळ राखीव खेळाडूंच्या बाकावर होतो, पण स्वतःला माजी खेळाडू म्हणवून घ्यायला तेवढं पुरतं. माजी विद्यार्थी, पालक आणि हौशी मंडळी अशांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. मॅच चालू असताना त्यात वर्णन लिहायचं काम माझ्याकडे आपोआपच आलेलं. लोकांना ते आवडायचं. कोणी हसण्याच्या खुणा टाकल्या की पुढचं वाक्य मी आणखी तिखट लिहायचो.

मी लगेच हो म्हटलं. ग्रुपवर टाकलं आणि शनिवारपर्यंत वीस-बावीस जण तयार झाले. माझा कॉलेजपासूनचा मित्र प्रदीप उत्साही माणूस, त्याने मिनीबस ठरवली, दोन फलक रंगवून घेतले. टीम त्यांच्या कोच शिर्के मॅडमबरोबर वेगळी जाणार होती.

रविवारी सकाळी आठला कोपर स्टेशनच्या पश्चिमेकडून निघालो. रस्त्याबद्दल सांगतो, कारण ह्या बाजूने ठाण्याला जाणारे ब्लॉगचे बरेच वाचक आहेत. पूर्वी शिळफाट्याला वळसा घालून जाताना अर्धी सकाळ जायची. आता मोठागावहून खाडीवरचा नवा पूल धरायचा, पलीकडे माणकोलीला उतरायचं आणि नाशिक हायवेने खारेगाव, साकेत करत माजिवड्याला यायचं. रविवारी लवकर निघालात तर पाऊण तास पुरतो. फक्त माणकोलीला गोदामांकडे वळणारे कंटेनर असतात, तिथे गाडी रांगते. पुलावर भरती असेल तर डावीकडे खाडी चांगली दिसते. त्या सकाळी होती. मी फोटो काढले, ते ह्या पोस्टला लावलेले नाहीत.

विलास खिडकीशी बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत केळी, ग्लुकोजची पुडी आणि केतकीचा जादाचा टॉवेल. मी म्हटलं, "तू खेळणार आहेस की ती?"

"ती नाश्ता करत नाही मॅचच्या दिवशी," तो म्हणाला. "पोटात गोळा येतो म्हणते. म्हणून आणलंय."

माजिवड्याच्या अलीकडे आम्ही मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागून घ्या, नाहीतर डोळ्यांतून पाणी येईल एवढी तिखट असते. दहाच्या सुमाराला पोखरण रोडच्या बाजूच्या त्या कॉलेजात पोचलो. उघडं कोर्ट, एका अंगाला पत्र्याची शेड, शेडखाली त्यांची तीन-चारशे मुलं आणि दोन ढोल. आम्ही समोरच्या बास्केटमागे, उन्हात.

मॅच फार चांगली झाली. त्यांच्या मुली उंच होत्या, आपल्या चपळ. केतकी बॉल पुढे नेणारी गार्ड म्हणून खेळते, बुटकी आहे, पण दोघींच्या मधून बॉल घेऊन निघते तेव्हा मागच्यांना कळतच नाही ती कुठे गेली. शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा त्यांचे एक्कावन्न आणि आपले पन्नास होते. आणि केतकीवर फाउल झाला.

बास्केटबॉल न बघणाऱ्यांसाठी सांगतो, असा फाउल झाला की खेळाडूला ठरलेल्या रेषेवरून, कोणी आडवं न येता, बास्केटमध्ये बॉल टाकायला मिळतो, त्याला फ्री थ्रो म्हणतात. केतकीला असे दोन मिळाले. एक गेला तर बरोबरी, दोन्ही गेले तर आपण फायनलला.

समोरून ढोल वाजत होते. आमच्या बाजूला सगळे एकदम गप्प झाले आणि सगळ्यांनी फोन वर धरले. मीही धरला. जिंकल्याचा क्षण कोणालाच सोडायचा नव्हता.

पहिला बॉल कडीच्या पुढच्या काठाला लागून परत आला. दुसरा कडीलाही लागला नाही.

त्यांच्या मुली कोर्टवर धावत आल्या, ढोल सुरू झाले. केतकी रेषेवरच उभी होती. तिने हात खाली घेतले नव्हते.

आमच्यातल्यांचं काय झालं ते लिहायला मला जड जातंय. प्रदीपने फलक जमिनीवर आपटला. एक पालक म्हणाले, "हातातली मॅच घालवली." कोणी म्हणालं, कोचने तिला शेवटपर्यंत ठेवायलाच नको होतं. कोणी म्हणालं, आमच्या वेळच्या मुली डोळे मिटून घालायच्या. मी फोनवर लिहिलं, "फुकट मिळालेले दोन बॉल घालता येत नसतील तर घरी बसून पोळ्या लाटाव्यात. आमचा रविवार कशाला घालवायचा?"

पाठवलं. हसण्याच्या खुणांची रांग लागली. मला बरं वाटलं, खरं सांगतो. पराभवाची टोचणी कमी झाल्यासारखी वाटली.

नंतर आम्ही गेटबाहेर बसपाशी उभे राहून वडापाव खाल्ले. रागाची जागा थट्टेने घेतली होती. प्रदीपने वडापावच्या कागदाचा गोळा केला, फ्री थ्रोची पोझ घेतली, कचऱ्याच्या डब्यावर नेम धरला आणि मुद्दाम भलतीकडे फेकला. सगळे हसले. मीही मोठ्याने हसलो. विलास तिथे नव्हता. तो पिशवी घेऊन मुलींच्या खोलीपाशी थांबला होता.

एक वाजायच्या बेताला शिर्के मॅडम गेटमधून भराभर आल्या. मागे विलास होता.

"केतकी तुमच्याकडे आलीय का?" मॅडमनी विचारलं.

नव्हती आली. मुलींनी सांगितलं, ती तोंड धुवायला म्हणून गेली. बॅग घेऊन गेली हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. विलासने फोन लावला. बंद. मॅडमनी लावला. बंद. बाथरूम, जिना, गच्चीचं दार, सगळं बघून झालं होतं. गच्चीचं दार मॅडमनी का बघितलं असेल हे माझ्या ध्यानात आलं. टीममधली एक मुलगी माझ्याकडे बघत होती. मी दुसरीकडे बघितलं.

वॉचमन म्हणाला, "निळ्या जॅकेटवाली ना? गेली मघाशी, साडेबारा वाजले असतील. हिथं बसजवळ आली होती, परत फिरली. रिक्षावाला उपवन, उपवन करत होता, त्यात बसली. रडत होती वाटतं."

विलासने माझ्याकडे बघितलं. उपवन म्हणजे तलाव. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे, चांगला मोठा आणि खोल. ह्याच ब्लॉगवर मी दोन वर्षांपूर्वी लिहिलंय, की संध्याकाळी जा, घाटावर बसा, भाजलेलं कणीस खा.

मॅडम कॉलेजात थांबल्या, ती परत आली तर कोणी असावं म्हणून. मिनीबसला पुढचं भाडं होतं, बाकीचे तिच्यातून परत गेले. प्रदीप म्हणाला, "येईल रे, मैत्रिणीकडे गेली असेल." मी विलासबरोबर रिक्षात बसलो. त्याची पिशवी घाईत बसमध्येच राहिली, चष्माही त्यातच.

रिक्षाने दहा मिनिटं लागली. रिक्षावाला बोलका होता. "दुपारचे काय बघणार तिकडे? संध्याकाळी जायचं. बोटिंग असतं." तलाव हा शब्द आमच्यापैकी कोणीही उच्चारला नव्हता, मनात मात्र दुसरं काहीच नव्हतं. मला एकोणीस वर्षांची मुलगी नाही, मला दोन मुलगे आहेत. पण त्या दहा मिनिटांत मी सारखा एकच हिशेब करत होतो: साडेबाराला गेली, आता दीड वाजतोय, एक तास. एका तासात काय काय होऊ शकतं.

उपवनला ऊन कडक होतं. घाटाच्या पायऱ्या जवळजवळ रिकाम्या. आम्ही उजवीकडच्या फुटपाथने निघालो, बाकं बघत. आणि पुढे वळणावर कठड्याला पंधरा-वीस माणसं टेकलेली दिसली. सगळी पाण्याकडे वाकून बघत होती. खाली एक छोटी बोट होती आणि बोटीतले दोघं लांब बांबूने काहीतरी काठाकडे ओढत होते. काहीतरी निळं.

विलास थांबला. त्याने बाजूच्या झाडाला हात लावला.

"तू बघून ये," तो म्हणाला. "मी इथेच थांबतो."

मी गेलो. ते अंतर फार नव्हतं, शाळेच्या वर्गाएवढं असेल. मला आठवतंय की मी सावकाश चाललो. लवकर पोचायची इच्छा नव्हती. मधेच मी देवाला काहीतरी म्हणत होतो. त्या बोलण्यात तिचं नाव होतं आणि माझंही. कठड्याशी एका माणसाच्या खांद्यावरून वाकून बघितलं.

ताडपत्री होती. निळी, चिखलाने जड झालेली, तलावातली जलपर्णी काढताना सापडलेली. बोटवाल्यांपैकी एकाने ती काठावर फेकली आणि बघणारे पांगले.

मी वळून हात हलवला, नाही म्हणून. विलास तिथेच फुटपाथवर खाली बसला. मी जवळ गेलो तर त्याचे दात वाजत होते, भर दुपारी.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सुनंदावहिनींचा, त्याच्या बायकोचा. त्या घरीच होत्या आणि आम्ही आधी फोन केल्यापासून जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांचा आवाज मला बाहेरही ऐकू येत होता. "अहो, तिने मला साडेबाराला काहीतरी पाठवलंय, फोटो आहे. मी स्वयंपाकघरात होते, आत्ता बघितलं. तुम्हाला पाठवते. काय लिहिलंय बघा, मला तर काही समजेना असं का कोणी..."

विलासने फोटो उघडला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. मग फोन माझ्यापुढे धरला.

"चष्मा नाही. वाच."

ग्रुपवरच्या मेसेजचा फोटो होता, कोणीतरी मुलींना पाठवलेला. वर माझं नाव, खाली माझं वाक्य, त्याखाली हसण्याच्या खुणा. आणि सगळ्यात खाली केतकीने आईला एकच शब्द लिहिला होता, "आई".

मला वाचल्यासारखं करून दुसरं काही सांगता आलं असतं. तो विचार आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्याने फोन माझ्यासमोर धरूनच ठेवला होता. मी वाचलं. पोळ्या लाटाव्यात हे शब्दही वाचले. पूर्ण वाचलं, शेवटचा "आई"सुद्धा.

"कोणी लिहिलंय?" विलासने विचारलं.

"मी."

तो माझ्याकडे वळला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर मी हात वर केला नसता. तो उठला, फोनमधला केतकीचा फोटो काढला आणि समोरून येणाऱ्या पहिल्या माणसाला दाखवला. "ही मुलगी बघितली का इथे?" मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. मी त्याच्यामागून चार पावलं अंतर ठेवून चालत राहिलो.

घाटाच्या टोकाला येऊरच्या पाड्यावरची एक बाई टोपलीत काकड्या घेऊन बसली होती. तिने फोन हातात घेऊन नीट बघितलं.

"व्हती ना ही. त्या तिथं पायरीवर बसलेली. लय रडली पोर. मी काकडी कापून दिली, खाल्ली नाय, नुसती हातात धरून बसली."

"कुठे गेली?" विलासने विचारलं.

"मंग उठली नि मला इचारलं, मावशी, कल्याणची एसटी कुठून मिळल. मी बोलले खोपटला जा. गेली असंल, झाला अर्धा-पाऊण तास."

विलासने तिला नमस्कार केला. वाकून, दोन्ही हात जोडून. ती बाई गोंधळली.

कल्याणला त्यांचं कोणी नाही. रिक्षात विलास एवढंच बोलला, तेही बहुतेक स्वतःशी. "कल्याणला कोण आहे? कल्याणला आमचं कोणीच नाही." माझ्या डोक्यात नकाशा होता. ठाण्याहून एसटीने कल्याणला जायचं म्हणजे भिवंडीच्या बाजूने, आणि कल्याणात शिरताना दुर्गाडीचा पूल, खाली खाडी. मी ते बोललो नाही. पण त्यालाही तो रस्ता माहीत होता.

खोपटच्या स्टँडवर खिडकीतल्या माणसाने सांगितलं, कल्याणची एक गाडी मघाशीच गेली, दुसरी लागतेय. निळ्या जॅकेटची मुलगी? त्याला आठवत नव्हतं. विलासने शिर्के मॅडमना कळवलं. मॅडम म्हणाल्या, तासाभरात नाही सापडली तर त्या पोलीस चौकीत जातील. आम्ही गाडीत चढलो. एकाच बाकावर बसावं लागलं, बाकी जागा नव्हती.

एरवी हा रस्ता मी कोणाला सुचवणार नाही. रांजणोली नाक्याला ट्रकांची गर्दी, कोन गावापर्यंत धूळ, सगळा मिळून तास-सव्वातास. त्या दिवशी रांजणोलीला गाडी पंचवीस मिनिटं एका जागी उभी होती. कंडक्टर खाली उतरून चहा पिऊन आला. विलास समोरच्या सीटच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून बसला होता, जणू गाडी तोच ढकलत होता.

तिथे तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला. माझ्याकडे न बघता.

"आमच्या घरी पोळ्या मी लाटतो," तो म्हणाला. "सुनंदाचा खांदा धरलाय दोन वर्षांपासून. केतकी म्हणाली, मी करते बाबा, सकाळची प्रॅक्टिस सोडते. मीच नको म्हटलं. पहाटे उठून मी करतो आणि मग फॅक्टरीत जातो."

मी एवढंच म्हटलं, "विलास, मला..." त्याने हात वर केला. मी थांबलो.

दुर्गाडीच्या पुलावर गाडी चढली तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. मी मात्र दोन्ही बाजूंचे कठडे बघत होतो, एक-एक माणूस. मासे विकणाऱ्या बायका, सायकलवाला, दोन पोलीस. गर्दी कुठेही जमलेली नव्हती. गर्दी नाही ह्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

कल्याणच्या स्टँडवर उतरलो तेव्हा चार वाजून गेले होते. मुरबाडच्या गाड्यांची वाट बघणारी माणसं पोती, पिशव्या घेऊन बसली होती. विलास एका टोकाकडून बघत निघाला, मी दुसऱ्या. ती त्याला आधी दिसली. चौकशीच्या खिडकीजवळच्या बाकावर, एका म्हातारीच्या शेजारी, मांडीवर बॅग घेऊन बसली होती. जॅकेट उलटं घातलं होतं, कॉलेजचं नाव आत गेलं होतं.

मी पोचलो तेव्हा विलास तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला होता आणि तिचे दोन्ही हात धरून नुसता हलवत होता. केतकीच बोलत होती. "सॉरी बाबा. सॉरी. घरीच येणार होते. खरंच घरीच येणार होते."

मग तिने मला बघितलं. ती उठली आणि विलासच्या मागे सरकली.

ह्या मुलीला मी लहानपणापासून ओळखतो. आमच्या घरी दिवाळीचा फराळ खायला यायची, माझ्या मुलांबरोबर गच्चीत खेळायची. ती मला घाबरून बापाच्या पाठीमागे उभी राहिली. त्या दिवसभरात मला पुष्कळ भीती वाटली होती, पण आपली भीती कोणाला तरी वाटते आहे हे बघणं वेगळंच होतं.

विलास तिला म्हणाला, "फोन का बंद केलास गं?"

"सारखा वाजत होता. प्रत्येक वेळी वाटायचं, आणखी काहीतरी आलं." थोडं थांबून ती म्हणाली, "मी बसपर्यंत आले होते बाबा. तुम्हाला शोधत. तिथे सगळे हसत होते. ते कागद फेकत होते ना, ते बघितलं. मग मला चढताच येईना. आणि ट्रेनने गेले असते तर कोपरला सगळेच ओळखीचे. म्हणून म्हटलं लांबून जावं."

"आणि तलावावर का गेलीस?" हे विलासने अगदी हळू विचारलं.

"रिक्षा तिकडची होती," ती म्हणाली. नंतर म्हणाली, "तिथे बसले होते थोडा वेळ. मग ती मावशी आली काकडी घेऊन."

त्याहून जास्त तिने सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही.

मी म्हटलं, "केतकी, ते मी लिहिलं. फार वाईट लिहिलं. माझं चुकलं."

"माहीत होतं काका," ती विलासच्या खांद्याआडून म्हणाली. "नाव होतं वर." आणि मग, जरा वेळाने, "समोरच्यांचे ढोल असतात, त्याची सवय असते आम्हाला. आपल्या बाजूचे एकदम गप्प झाले आणि सगळे फोन वर आले. मला बास्केट दिसेना. नुसते फोनच दिसत होते."

मी मान हलवली. माझाही होता त्यात.

विलासने सुनंदावहिनींना फोन लावून तिच्या हातात दिला. शेजारच्या म्हातारीने सगळं ऐकलं होतं. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून विलासला दिली आणि म्हणाली, "पोरीला आधी खायला घाल काहीतरी. दुपारपासून उपाशी बसलीय माझ्याशेजारी." कँटीनमध्ये केतकीने दोन प्लेट इडली खाल्ली. मी बाहेर उभा राहिलो आणि ती सापडल्याचं शिर्के मॅडमना कळवलं.

डोंबिवलीला जायला विलासने रिक्षा केली. मी पुढे झालो तर तो म्हणाला, "आम्ही दोघं जातो." मी मागून बसने आलो. पत्रीपुलावर अडकलो, घरी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. त्यांच्या दारात चपला बघितल्या, तिघांच्या. मग वर गेलो.

त्या संध्याकाळी ग्रुपवर मी जे झालं ते सगळं लिहिलं, काही न गाळता. थोड्या जणांनी दुःख व्यक्त केलं. दोघांनी माझंच सांत्वन केलं, हे फार विचित्र वाटलं. एकाने लिहिलं, आजकालच्या मुली फारच हळव्या. प्रदीपने वेगळा फोन केला. "अरे, गंमत केली आपण. एवढं काय मनाला लावून घेतोस?" मी त्याला उपवनच्या कठड्याबद्दल सांगायला लागलो आणि मला पुढे सांगता येईना. दुसऱ्या दिवशी तो कॉलेजच्या गेटपाशी जाऊन केतकीला भेटला, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. वर्णन लिहिणं मी बंद केलं. ते काम आता कोणीच करत नाही.

केतकी दहा-बारा दिवस प्रॅक्टिसला गेली नाही. मग एका सकाळी खालून बॉलचा आवाज आला. ती पार्किंगमधून बॉल आपटत गेटकडे चालली होती. मी खिडकीतून मागे झालो. तिला कोणी बघतंय असं वाटायला नको होतं.

ही पोस्ट टाकण्याआधी तिला वाचायला दिली. तिने परत देताना म्हटलं, "टाका काका. फक्त कॉलेजचं नाव नको." विलासला दिली तेव्हा त्याने घेतली नाही.

कोणाच्या मुलीची किंवा मुलाची मॅच बघायला परगावी जाणार असाल, तर पूल, रस्ता, मिसळ सगळं वर लिहिलंय. गाडी लवकर काढा आणि पाणी जास्त घ्या. शेवटच्या मिनिटाला फोन खिशात ठेवा. ह्याहून मोठा सल्ला द्यायची माझी लायकी नाही.

मला आता तलावाजवळून जाववत नाही. ऑफिसच्या कामासाठी ठाण्याला जातो तेव्हा तलावपाळीची बाजू टाळतो. रात्री मुलांचे फोन लागले नाहीत की बायको चिडते एवढा मी बेचैन होतो. हे कमी होईल असं सगळे सांगतात, होईलही.

विलासशी बोलणं चालू आहे. त्याने एका शब्दानेही मला काही म्हटलेलं नाही. परवा पाण्याचा टँकर आला होता, आम्ही दोघं बादल्या घेऊन रांगेत होतो. माझी बादली भरली, उचलताना पाठीत चमक आली. तो पुढे झाला, बादली घेतली, माझ्या मजल्यापर्यंत नेऊन दारात ठेवली. सत्तावीस वर्षं आम्ही एकमेकांना अरे-तुरे करत आलो. बादली ठेवून तो म्हणाला, "जपा हेमंतराव. तुम्ही जड उचलत जाऊ नका."

आणि जिना उतरून गेला.